पट्टीचे खेळाडू

खो-खो मैदानावर खेळतात, असं नियमांच्या पुस्तकात लिहिलंय. आमच्या लेकीचा संघ तो मुख्यतः गुडघ्यांवर खेळतो. मोठ्या स्पर्धा हल्ली मॅटवर होतात म्हणे. आमच्याकडे माती, आणि मातीत रस्त्याच्या डांबरीकरणातून उरलेली खडी. आठ जणी आळीपाळीने तोंडं फिरवून बसलेल्या, नववी पळतेय. समोरची हाताला लागत नाही असं दिसलं की ती सूर मारते. सूर देखणा असतो. उतरणं तितकंसं नसतं.

तेव्हा मैदानावर प्रथमोपचाराची पेटी हवी, असा ठराव पालकांच्या ग्रुपवर एकमताने झाला. ती मी भरावी हेही एकमतानेच ठरलं, कारण त्या वेळी मी ऑनलाइन नव्हतो.

त्यानंतर देणग्यांचा ओघ सुरू झाला. कुणाच्या आजींनी हळदीची पुडी आणि तुरटीचा खडा पाठवला. एका काकूंकडून कैलास जीवन आलं, ‘याच्यापुढे काही लागत नाही’ अशा निरोपासकट. कुणी अर्निकाच्या गोळ्या, कुणी अर्धी वापरलेली, पोटातून दाबत आणलेली मलमाची ट्यूब. आयटीतल्या एका बाबांनी एक्सेल शीट धाडली. तिच्यात स्ट्रेचर होतं आणि सर्पदंशाचा वेगळा रकाना होता. आमच्या मैदानावर आजवर आढळलेला सर्वांत विषारी प्राणी म्हणजे गाडी लावण्यावरून भांडणारे गृहस्थ.

मेडिकलमध्ये गेलो. ‘क्रेप बँडेज द्या.’
‘सहा, आठ, दहा की पंधरा?’
‘एकच पुरे.’
‘सेंटिमीटर विचारतोय. कुठे बांधायचंय?’
‘अजून काही झालेलं नाही.’
दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, की मी घरून कुणाचा तरी पाय मोडायच्या तयारीने निघालोय.

शेवटी सोसायटीतल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंना सगळा ऐवज दाखवला. त्यांनी निम्मी पेटी तिथल्या तिथे रिकामी केली. हळद स्वयंपाकघरात. स्पिरिट बाद, ते उघड्या जखमेवर ओतलं की मूल किंचाळतं आणि जखमेच्या कडा उगीच पोळतात. कापूसही बाद, त्याचे धागे जखमेला चिकटतात, त्याऐवजी गॉज. कुणीतरी घातलेली ॲस्पिरिनची पट्टी त्यांनी दोन बोटांत धरून बाहेर काढली. मुलांना ती परस्पर द्यायचीच नाही, विशेषतः अंगात फ्लू किंवा कांजिण्या असतील तर. ‘आणि मुरगळलेल्या पायाला लगेच चोळायचं नाही,’ असं म्हणत बामच्या तिन्ही बाटल्या त्यांनी माझ्या खिशात कोंबल्या.

‘मग ठेवायचं काय?’
‘पाणी. भरपूर. आणि साबण.’

खरचटलेला गुडघा वाहत्या पाण्याखाली धरायचा, कातडीत रुतलेला खडीचा काळा कण निघेपर्यंत. या कामाला दोन माणसं लागतात: एक धुवायला, दुसरं मुलीला ‘झालं, झालं’ म्हणायला. नाकातून रक्त आलं तर मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबायचा. ग्रुपवरच्या सगळ्या आज्या मान मागे टाकण्याच्या पक्षात होत्या, त्यांच्याशी वाद घालायची जबाबदारी अर्थात माझीच. पक्का दात मुळासकट पडला तर चावायच्या टोकाने उचलायचा, मूळ घासायचं नाही, दुधात टाकायचा आणि अर्ध्या तासात दातांचा डॉक्टर गाठायचा. म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला आधीच विचारून ठेवलं, थंड दूध मिळेल का, दातासाठी हवंय.
‘मग साखर नको ना?’ तो म्हणाला.

डोक्याला मार लागला तर त्या दिवसाचा खेळ बंद. उलट्या, गुंगी, बरळणं दिसलं तर १०८ ला फोन. हे मी मोठ्या अक्षरात झाकणाच्या आत चिकटवलं. मला विचाराल तर अख्ख्या पेटीतला मोलाचा ऐवज तेवढाच.

बर्फावरून मात्र एक्सेलवाले बाबा पेटले. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच हे सूत्र गेब मर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये मांडलं आणि पुढे त्यांनीच बर्फाबद्दल घूमजाव केलं, असं त्यांनी लिंकसकट सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखणं कमी करायला फडक्यात गुंडाळून थोडा वेळ लावा, पण कातडीला थेट नको. यावर ग्रुपवर बराच काळ थंडी-गरमी चालली.

आता प्रत्यक्ष वापराचं बघू. कार्टूनवाल्या बँडेड पहिल्याच संध्याकाळी संपल्या. घामेजलेल्या, वाकणाऱ्या गुडघ्यावर बँडेड काही टिकत नाही. पण ज्यांना काहीच लागलेलं नव्हतं त्यांच्या कोपरांवर त्या छान टिकल्या. दाबलं की आपोआप गार होणाऱ्या पिशव्या होत्या. त्या खरंच गार होतात का, हे बघण्यात गेल्या. संत्र्याच्या चवीचं ओआरएस सावलीत बसलेल्या बाबांनी संपवलं. सेफ्टी पिना पाठीवरचे नंबर लावायला गेल्या आणि कात्री कुणाच्या तरी वाढदिवसाला गेली ती गेलीच.

आणि मग एकदाचा खराखुरा पाय मुरगळला. खांबापाशी वळताना एक मुलगी मटकन खाली बसली. मी पेटी घेऊन धावलो. फडक्यात बर्फ झाला. क्रेप बँडेज बोटांच्या बाजूने वर, फार घट्ट नाही, असं अगदी सांगितल्याबरहुकूम गुंडाळलं. आता पाय उंच ठेवायचा. मैदानात उंच असं काहीच नव्हतं, म्हणून सरांनी चपळाईने पेटी बंद केली आणि तिच्या टाचेखाली सरकवली.

बँडेजचं टोक चिकटवायचा मायक्रोपोर आतच राहिला.

‘काका, आता पेटी हलवू नका हं,’ मुलगी कळवळून म्हणाली. तेव्हा ते टोक तिच्या मैत्रिणीने हाताने धरून ठेवलं. ती नुकतीच बाद झाली होती, तिला वेळ होता.