वायाँच्या डोक्यावरचा उसना मुकुट

झाडाझुडपांची आवड असलेल्या मंडळींत एक गोष्ट अधूनमधून फिरत असते. ती साधारण अशी: फुलांमध्ये नर-मादी असतात हे १७१७ पर्यंत जगात कोणालाच माहीत नव्हतं. पॅरिसच्या राजाच्या बागेत सेबास्तियाँ वायाँ नावाचा एक साधा माळी होता. त्याने पिस्त्याच्या झाडावर प्रयोग केला आणि पराग आत शिरून बी कशी धरते ते दाखवून दिलं. पुढे स्वीडनच्या लिनियसने हा शोध ढापला आणि वायाँचं नाव इतिहासातून पुसलं गेलं.

वायाँ हा माझा आवडता माणूस. त्यामुळे ही गोष्ट मला हौसेने पाठवली जाते, आणि दर वेळी मी वैतागतो. त्याचं खरं काम बाजूला ठेवून त्याच्या डोक्यावर भलताच मुकुट चढवला आहे. तेव्हा एकेक विधान घेऊ.

‘कोणालाच माहीत नव्हतं’ हे पहिलं. बॅबिलोनियातले बागवान नर खजुराचे तुरे मादी झाडांवर बांधत, हे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने येशूच्या जन्माआधी चारशेहून अधिक वर्षं लिहून ठेवलं. ग्रीक वनस्पतिअभ्यासक थिओफ्रास्टसनेही खजुराची ती धूळ मादी फळांवर झटकायची रीत नोंदवली आहे. आपल्याकडे करटोलीच्या मळ्यात नर वेल ठेवावे लागतात हे शेतकऱ्याला कोणी फ्रेंच माणसाने शिकवलं नाही. पण इथे जरा थांबायला हवं. खजुराला नर लागतो हे ठाऊक असणं वेगळं, आणि सगळ्याच फुलांत हाच व्यवहार चालतो असं म्हणणं वेगळं. ती दुसरी उडी फार उशिरा पडली. इंग्लंडच्या नेहेमाया ग्र्यूने १६८२ मध्ये पुंकेसर हा नराचा अवयव असावा असं छापलं, पण तो तर्क होता. पुरावा दिला जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या रुडॉल्फ कामेरारियसने, १६९४ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या लांबलचक पत्रात.

त्या पत्रावर कितीही बोललं तरी मला कमीच वाटतं. एरंडाची नर फुलं उमलण्याआधीच खुडून टाकली, तर बी धरली नाही. मक्याच्या कणसाचे रेशमी केस कापले, तर दाणा भरला नाही. तुतीचं मादी झाड नरापासून दूर होतं, त्याला फळं आली पण आतली बी पोकळ. आणि भांगेच्या बाबतीत डाव फसला: मादी रोपं वेगळी ठेवूनही त्यांना बिया धरल्या. हे त्याने लपवलं नाही, तेही पत्रात लिहिलं. वायाँच्या व्याख्यानाच्या तेवीस वर्षं आधीची ही गोष्ट. इतकं लांब कशाला, खुद्द पॅरिसच्या विज्ञान अकादमीत क्लोद-जोझेफ जोफ्रुआने १७११ मध्ये फुलांच्या अवयवांच्या कामाबद्दल निबंध वाचला होता.

आता पिस्त्याचं झाड. ते खोटं नाही. राजाच्या त्या बागेत, म्हणजे पॅरिसच्या आजच्या वनस्पती उद्यानात, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक नर पिस्ता आजही उभा आहे आणि त्याच्याशी वायाँचं नाव जोडलेलं आहे. शहरात दुसरीकडे एक मादी झाड होतं, त्याला फळ येत नव्हतं. नर झाडाची फुललेली फांदी नेऊन त्यावर झटकली आणि पिस्ते धरले, असं सांगतात. समजा, अगदी तसंच घडलं. तरी त्यातून सिद्ध काय झालं? पिस्त्याला नर लागतो, एवढंच. खजुराचीच गोष्ट, झाड तेवढं वेगळं. ज्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्रच असतात त्याबद्दल, म्हणजे गुलाब, मोहरी, जास्वंद अशा बहुसंख्य फुलांबद्दल, पिस्ता काहीच सांगत नाही.

वायाँने खरं काय केलं ते १० जून १७१७ रोजी त्याच बागेत दिलेल्या व्याख्यानात आहे. विषय होता फुलांची रचना. त्या काळी फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्र म्हणजे जोझेफ पितों द तूर्नफोर. तो वायाँचा गुरू, नऊ वर्षांपूर्वीच वारलेला आणि देव्हाऱ्यात बसलेला. तूर्नफोरने सगळ्या वनस्पती पाकळ्यांच्या आकारावरून लावल्या होत्या. पुंकेसर त्याच्या मते झाडाने मळ बाहेर टाकायची जागा, आणि पराग म्हणजे तो मळ. गुरूच्याच बागेत उभं राहून शिष्य म्हणाला, हे उलटं आहे. पाकळ्या नुसतं आवरण आहेत. फूल म्हणजे पुंकेसर आणि अंडाशय. बाकीचं असो वा नसो. आणि हे सांगताना त्याने शेज, प्रियकर, उत्कंठा अशी भाषा वापरली, परागकोश फुटण्याचं वर्णनही तसंच रंगवून केलं. काही मंडळींना गुरूचा अपमान खटकला, काहींना शेज.

नवा प्रयोग यात जवळजवळ नाहीच. पण फुलाकडे बघायची दिशा बदलली, आणि ती एखाद्या खासगी पत्रात नाही, तर भर सभेत. दुसऱ्याच वर्षी हॉलंडमधल्या लायडनला ते व्याख्यान फ्रेंच आणि लॅटिनमध्ये शेजारी शेजारी छापून निघालं, तेव्हा युरोपभर वाचलं गेलं. कामेरारियसचं पत्र फारसं कोणी वाचत नव्हतं.

‘साधा माळी’ हे तर चित्रपटातलं वाक्य आहे. विन्यी गावी १६६९ मध्ये जन्मलेला वायाँ लहानपणी ऑर्गन वाजवायला शिकला, मग शल्यवैद्य झाला. चौदाव्या लुईचा वैद्य फागाँ याने त्याला आपला सचिव केलं आणि बागेत आणलं. तिथे त्याने गरम ठेवायचं काचघर उभं करवलं. व्याख्यानाच्या आदल्याच वर्षी तो विज्ञान अकादमीचा सभासद झाला होता.

‘पराग आत शिरतो हे दाखवलं’ या विधानापाशी मात्र मला हसू येतं, कारण वायाँ याच्या नेमका विरुद्ध होता. परागकण स्त्रीकेसरातून खाली बीजांडापर्यंत जातो, ही कल्पना त्याच्या आधी मांडली गेली होती. त्याने ती उडवून लावली. परागातून एक सूक्ष्म, उडून जाणारं सत्त्व निघतं आणि तेच बीजांडाला फळवतं, असं त्याचं म्हणणं. इथे तो साफ चुकला. खरा प्रकार शंभरेक वर्षांनी इटलीच्या जोव्हानी बात्तिस्ता आमिचीने सूक्ष्मदर्शकात पाहिला. १८२४ मध्ये त्याने प्रसिद्ध केलं की परागकणाला एक बारीक नळी फुटते. ती त्याला दिसली घोळीच्या फुलावर; हो, आपण डाळ घालून भाजी करतो तीच घोळ. तीन वर्षांत पॅरिसच्या आदोल्फ ब्रोंन्यारने अशी नळी इतर अनेक फुलांत दाखवली. आणि शतक संपता संपता, १८९९ मध्ये, लेओं गिन्यारने परागनळीतल्या दोन्ही पुंपेशी (नर पेशी) आत जाऊन काय करतात ते लिलीत दाखवलं: एक अंडपेशीशी मिळते, दुसरी बियांतलं अन्न तयार करणाऱ्या भागाला जन्म देते. रशियाच्या सर्गेई नवाशिनने हे आदल्या वर्षी सांगितलं होतं. वायाँचं ‘उडतं सत्त्व’ तोवर कधीच विरलं होतं.

राहिली चोरी. लिनियस शाळकरी असताना त्याचे शिक्षक योहान रोथमान यांनीच त्याला वायाँच्या विचारांची ओळख करून दिली. १७२९ च्या अखेरीस उप्सालात त्याने वनस्पतींच्या विवाहावर छोटा प्रबंध लिहिला. त्यातली पाकळ्यांची शेज कुठून आली हे सांगायला नकोच. पण वायाँच्या लेखनाने आपलं लक्ष इकडे वळलं हे लिनियसने स्वतःबद्दल लिहिताना नोंदवून ठेवलं आहे. चोर असं करत नाही. शिवाय १७३५ मधली पुंकेसर मोजून वर्ग पाडायची युक्ती वायाँकडे नव्हतीच. ती लिनियसची, तिच्या सगळ्या सोयी-गैरसोयींसकट.

आणि ‘नाव पुसलं गेलं’? वायाँने वाळवून जपलेल्या वनस्पतींचा संग्रह राजाने विकत घेतला, तो आजही पॅरिसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. नशीब फिरलं ते वेगळ्याच बाबतीत. पॅरिसभोवतालच्या वनस्पतींवर तो वर्षानुवर्षं एक ग्रंथ रचत होता, क्लोद ओब्रिएने त्यासाठी तीनशेहून अधिक चित्रं काढली होती. छापायला पैसा नव्हता, छाती पोखरलेली. शेवटी लायडनचा वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ बूरहाव याला पत्र लिहून त्याने सगळं त्याच्या हाती सोपवलं. मे १७२२ मध्ये तो गेला. ग्रंथ निघाला १७२७ मध्ये.