परगावच्या खरेदीचे शास्त्र

प्रवासाला निघताना दोन रिकाम्या पिशव्या बॅगेच्या तळाशी घडी घालून ठेवाव्यात आणि मग "या खेपेला काहीही घ्यायचे नाही" असे घरात सर्वांदेखत जाहीर करावे. ही घोषणा टाळू नये, कारण तिच्याशिवाय परतताना तिसरी पिशवी विकत घेण्यातला आनंद मिळत नाही. आम्ही सांगलीकर या विषयात मुरलेले असल्यामुळे चार गोष्टी अधिकाराने सांगू शकतो.

जी वस्तू आपल्या गावात दोन गल्ल्यांपलीकडे मिळते, ती तिथे कधीही घेऊ नये, हे या शास्त्राचे मूळ सूत्र आहे. सांगलीत आणि तासगावात बेदाण्याचे सौदे होतात, आणि या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण म्हणून मार्केट यार्डाच्या बाजूला जाऊन तो अर्धा किलो आणणे म्हणजे निव्वळ किराणा भरणे झाले. तोच बेदाणा महाबळेश्वरच्या बाजारपेठेत काचेच्या बरणीत बसला आणि त्याला कोणी 'किशमिश' म्हटले, की तो काबूलहून आला असणार असे मानून दुप्पट दराने घ्यावा.

महाबळेश्वरला गेल्यावर पॉइंट पाहण्यात फार वेळ दवडू नये. दरी पुढच्या वर्षीही असते, स्ट्रॉबेरी मात्र उन्हाळ्याअखेरपर्यंतच. स्ट्रॉबेरीचा खोका घेताना वरच्या थरातली टपोरी, लालबुंद फळे पाहून प्रसन्न व्हावे. खालच्या थरात बोट घालून बघणे सभ्यतेला धरून नाही, आणि तिथे जी पांढऱ्या बुडाची, बोराएवढी फळे असतात, ती घरी पोचल्यावर भेटण्यातच गोडी आहे. असे तीन खोके डिकीत स्पेअर चाकाशेजारी ठेवून केळघरचा घाट उतरावा. मेढ्यापर्यंत फळ टिकते, साताऱ्यापर्यंत त्याला पाणी सुटते आणि कराडच्या पुढे डिकीतून जो वास येऊ लागतो, त्यावरून मालाच्या ताजेपणाविषयी कोणालाही शंका उरत नाही.

साताऱ्यात कंदी पेढ्यांसाठी थांबावेच लागते. न थांबता पुढे गेलेल्या माणसाला नातेवाईक पुढल्या लग्नापर्यंत विसरत नाहीत. खवा चांगला खरपूस भाजलेला आणि साखर बेताची, त्यामुळे घरातल्या मधुमेही मंडळींना "यात तसे काही नसते" असे म्हणण्याची सोय होते. दोन किलो घ्यावेत: अर्धा काकांना, अर्धा शेजारी, अर्धा ऑफिसात आणि अर्धा घरी. गाडी महामार्गाला लागताच "ताजे आहेत का ते तरी बघू" म्हणून एक पुडा फोडावा. सांगलीच्या वेशीवर हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो आणि त्यात पहिला बळी ऑफिसचा जातो.

घासाघिशीबद्दल थोडक्यात सांगतो. साडेचारशेच्या चपला तीनशेला मिळाल्या, की सरळ गाडीत जाऊन बसावे. पुढच्या दुकानात भाव विचारणारा माणूस स्वतःच्या सुखाचा वैरी असतो.

बाहेरून आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनी मिरजेचा तानपुरा अवश्य न्यावा. 2024 साली त्यालाही मानांकन मिळाले असल्याने गाता येण्याची अट आता उरलेली नाही. भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून रेल्वेत खालचा बर्थ तानपुऱ्याला द्यावा आणि आपण रात्रभर त्याच्या पायाशी बसावे. घरी तो कोपऱ्यात गवसणीत उभा राहतो, आणि पाहुणे वाजवायचा आग्रह करू लागले, की तारा उतरल्या आहेत एवढे सांगितले की पुरते.

हळदीचा अनुभव मात्र स्वतःचाच सांगतो. सांगलीच्या हळदीला 2018 साली मानांकन मिळाले, आणि सौद्यांच्या दिवसांत त्या पेठेतून नुसते गेले तरी सदऱ्याला रंग लागतो. अशा गावचा मी, पण उत्तरेतल्या एका थंड हवेच्या ठिकाणी दुकानदाराने "डोंगरातली, हाताने कुटलेली, अशी खाली मिळत नाही" असे म्हणताच विरघळलो आणि हिमशिखराचे चित्र असलेली चार पाकिटे घेतली. विमानात सामानाला 15 किलोंची मर्यादा होती, म्हणून पाकिटांना जागा करण्यासाठी दोन स्वेटर एकावर एक अंगात घालून मे महिन्यात पुण्याला उतरलो. घरी आल्यावर पत्नीने चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली. अगदी बारीक अक्षरांत पॅकिंग करणाऱ्याचा पत्ता होता आणि त्याच्या शेवटी पिनकोड होता 416416, म्हणजे आमचाच. पोस्टमन जिथून आमच्याकडे येतो, तिथून ही हळद हिमालय पाहून परत आली होती.

अशा प्रसंगी खचून जाऊ नये. पत्त्याचा भाग ओल्या फडक्याने पुसावा, नाहीच गेला तर त्यावर 'सप्रेम भेट'ची चिठ्ठी डकवावी आणि पाकीट घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला द्यावे. मी विश्रामबागेतल्या आत्याला दिले. तिने चिमूटभर हळद तळहातावर घेतली, हुंगली आणि म्हणाली, "वासावरूनच कळतं बघ. आपल्याकडे कुठली मिळायला अशी? पुन्हा जाशील तेव्हा किलोभर आण."