दर सहा महिन्याला नवी बॅटरी घ्यायची का?

दीड वर्षात तिसरी बॅटरी मेली. हातातली, चार्जिंगची, टॉर्च म्हणतात ती. परवा रात्री दीड वाजता अण्णा उसाला दारं धरत होते आणि चालू केल्यापासून पाच मिनिटांत ती पिवळी पडली न् विझली. आमचं शेत सोलापूर जिल्ह्यात, मोहोळकडं. मोटारीची थ्री फेज लाईट निम्म्या वेळा रात्रीच येते, मग पाणी द्यायचं ते अंधारातच. सरीत घोणस बसलेली असते. उजेड नसंल तर माणसानं पाय ठेवायचा कुठं? साठी ओलांडलेला माणूस मोबाईलच्या उजेडात बांधाबांधानं घरी आला. तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

दुकानात घेऊन गेलो तर हातात धरूनसुद्धा बघितली नाही. "तेवढीच चालतेय मालक ती. नवी घ्या की, तीनशेला देतो." तेवढीच चालतेय म्हणजे? तीनशे रुपये काय झाडाला लागतात का?

रागारागानं घरी आणून उघडली. चार स्क्रू, त्यातला एक मुद्दाम स्टिकरखाली दडवलेला. आत ४ व्होल्टची ॲसिडची बॅटरी, पांढरी डबी, गोंदानं अशी थापलेली की काढताना बॉडीची कड तुटली. आणि चार्जर म्हणून काय, तर एक पिवळा कपॅसिटर, चार डायोड आणि दोन रेझिस्टर. संपलं! ट्रान्सफॉर्मर नाही, बॅटरी भरल्यावर करंट तोडणारं काहीच नाही. रात्रभर पिनला लावली तर रात्रभर करंट जातच राहतो आणि आतलं पाणी सुकतं. उतरलेली तशीच दोन महिने कोनाड्यात राहिली तर प्लेटांवर सल्फेट धरतं. म्हणजे लावून ठेवली तरी मरणार, नाही लावली तरी मरणार. वर २३० व्होल्टची लाईन थेट आत आलेली. बॉडी फुटलेली असताना चार्जिंगला लावून कुणी हात घातला तर? ओल्या हातानं वापरायची वस्तू आहे ही!

ठरवलं, ह्यात १८६५० चा लिथियम सेल बसवायचा. १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तो. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, म्हणजे जुन्या बॅटरीच्या जवळपासच. काम तासाभराचं. पण सरळ होऊ देतील तर ना!

पहिला सेल आणला, त्यावर ठळक छापलेलं ९९०० एमएएच, म्हणजे आत किती चार्ज मावतो त्याचं माप. ह्या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलात साधारण साडेतीन हजार मावतात, आणि हे नऊ हजार नऊशे छापून मोकळे! हातात घेतल्यावरच हलका लागला. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला तर ३१ ग्रॅम. खरा ४५ च्या आसपास भरतो. १ अँपियरवर चार्जिंगला लावला तर पस्तीस मिनिटांत लाल लाईट जाऊन निळी लागली. म्हणजे आत सहाशे पण नाहीत. ही उघड उघड लूट आहे, आणि ती काउंटरवर मांडून चालते.

चार्जिंगचं बोर्ड मागितलं, टीपी ४०५६. त्यात दोन प्रकार येतात. एकावर फक्त सेल जोडायचे बी प्लस आणि बी मायनस, दुसऱ्यावर दिव्याकडं जाणारे आउटचे दोन पॉइंट वेगळे असतात. दुसऱ्यात प्रोटेक्शन असतं, सेल अडीच व्होल्टच्या आसपास उतरला की तो लाईन तोडतो. मला पहिलंच टेकवलं. परत गेलो तर म्हणे "काय फरक पडत नाही." पडतो! पार उतरलेला लिथियम सेल पुन्हा चार्ज करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

सगळ्यात जास्त चीड आली ती शेजाऱ्याच्या बॅटरीची. त्यांनी एका मेकॅनिककडून लिथियम सेल बसवून घेतलेला, आणि त्या बाबानं जुनी पिन आणि तो कपॅसिटर तसाच ठेवलेला! मीटर लावला तर सेल ४.४१ व्होल्टवर. ४.२ च्या पुढं गेलेला लिथियम सेल पेट घेऊ शकतो, आणि हे रोज रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपत होते. दीडशे रुपये मजुरी घेतलीस ना बाबा, मग दोन वायरी तोडायला काय झालं होतं?

शेवटी खरा सेल मिळाला, २६०० चा. पिन आणि कपॅसिटर उपटून टाकले, सेलवर थेट सोल्डरिंगचा डाग न देता होल्डर बसवला. लिथियम करंट जास्त सोडतो, म्हणून एक वॅटच्या एलईडीला ३.३ ओहमचा रेझिस्टर लावला. आता अण्णांची पाण्याची पूर्ण पाळी निघते, उजेड पिवळा पडत नाही. एवढं जमतंय तर कारखान्यातच का करत नाहीत? पन्नास-शंभर जास्त दिले असते आम्ही, आनंदानं दिले असते.

तीन मेलेल्या ॲसिडच्या बॅटऱ्या पिशवीत घालून ठेवल्यात. आत शिसं आहे, उकिरड्यावर टाकायला मन होत नाही. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांत बनवणाऱ्यावर ती गोळा करायची जबाबदारी टाकलेली आहे. तिन्ही डब्या उलट्यापालट्या करून बघितल्या, बनवणाऱ्याचं नाव एकीवरही नाही. कुणाच्या दारात नेऊन ठेवू आता?