‘जनुकात दोष दिसला म्हणजे आजार होणारच’: हर्शस्प्रंग आजाराविषयीच्या दाव्याचा प्रतिवाद

हर्शस्प्रंग या आतड्याच्या जन्मजात आजाराविषयीचा एक मजकूर पालकांमध्ये वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हा आजार आरईटी या एकाच जनुकातील दोषामुळे होतो; चाचणीत दोष दिसला तर बाळाला आजार होणारच; अहवाल निर्दोष असेल तर काळजीचे कारण नाही; आणि हा दोष आईकडून येतो. यातील पहिले विधान अर्धसत्य आहे, बाकीची चुकीची आहेत, आणि त्यांतले एक तर बाळाच्या जिवावर बेतू शकते.

हा आजार साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळाला होतो. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत चेतापेशींच्या पूर्वपेशी आतड्यातून वरून खाली सरकत जातात. त्या गुदाशयापर्यंत पोहोचल्या नाहीत, तर शेवटचा भाग गँग्लियन पेशींविना (आतड्याची हालचाल घडवणाऱ्या चेतापेशींविना) आकसलेला राहतो आणि मल पुढे सरकत नाही. या पेशींना जगण्याचा व पुढे जाण्याचा संदेश ग्रहण करणारे प्रथिन आरईटी जनुकामुळे तयार होते, म्हणून त्याचे महत्त्व वादातीत आहे. परंतु ज्या १९९४ साली आरईटीचा संबंध दिसून आला, त्याच वर्षी मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या समाजातील कुटुंबांच्या अभ्यासातून तेराव्या गुणसूत्रावरील ईडीएनआरबी हे दुसरे जनुकही पुढे आले. डाउन सिंड्रोममध्येही (एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत असताना) धोका अनेक पटींनी वाढतो. ‘एकच जनुक’ हे म्हणणे तिथेच संपते.

‘होणारच’ या शब्दाला तर त्याच मेनोनाइट कुटुंबांनी उत्तर दिले आहे: ईडीएनआरबीमधील बदलाच्या दोन्ही प्रती असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना आजार झाला, एकच प्रत असलेल्यांपैकी साधारण एक पंचमांश जणांना. आरईटीच्या बाबतीत याहून बोलके उदाहरण आहे. या जनुकाचे काम कमी-जास्त करणाऱ्या एका नियामक भागात एक सामान्य बदल आढळतो, ज्याची नोंद २००५ मध्ये झाली. युरोपीय वंशाच्या लोकांत तो सुमारे एक चतुर्थांश गुणसूत्रांवर, तर चिनी लोकांत जवळपास निम्म्या गुणसूत्रांवर असतो. म्हणजे कोट्यवधी माणसे तो बदल घेऊन पूर्ण निरोगी जगतात. तो धोका वाढवतो हे खरे, पण एकट्याने आजार घडवत नाही.

सर्वांत घातक विधान निर्दोष अहवालाचे आहे. आरईटीच्या प्रथिन घडवणाऱ्या भागातील उत्परिवर्तने कुटुंबात आजार असलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत सापडतात. कुटुंबात पूर्वी कोणालाही आजार नसलेल्या रुग्णांत मात्र हे प्रमाण बरेच कमी, साधारण १५ ते २० टक्के असते, आणि बहुसंख्य रुग्ण याच दुसऱ्या गटातले असतात. म्हणजे बहुतेक रुग्णांत असा दोष सापडतच नाही. निर्दोष अहवालावर विसंबून कोणी बाळाच्या फुगलेल्या पोटाकडे दुर्लक्ष केले, तर आतड्याचा तीव्र दाह होऊन काही तासांत प्रकृती ढासळू शकते.

आईला दोष देणाऱ्या विधानाला शास्त्रीय आधार नाही. आरईटी दहाव्या गुणसूत्रावर आहे, त्याची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. बदल दोघांपैकी कोणाकडूनही येऊ शकतो, कधी तो बाळातच नव्याने घडतो. ज्या मातांना घरात हे ऐकावे लागते, त्यांच्यावर हा निव्वळ अन्याय आहे.

याचा अर्थ चाचणी निरुपयोगी आहे, असा नाही. आरईटीमधील काही मोजक्या बदलांमुळे या आजाराबरोबर थायरॉइडच्या एका विशिष्ट कर्करोगाचाही धोका संभवतो, आणि तिथे चाचणीमुळे वेळीच उपाय करता येतो. पुढच्या अपत्याचा धोका सांगतानाही तिचा आधार होतो. हा धोका सरासरी चार टक्क्यांच्या आसपास असला, तरी आधीच्या मुलाचे लिंग आणि बाधित भागाची लांबी यांनुसार तो खूप बदलतो.

निदान मात्र जनुकांवरून होत नाही. जन्मानंतर ४८ तासांत पहिली काळपट शी झाली नाही, उलटी हिरवी असली किंवा पोट ताणलेले दिसले, तर अहवाल काहीही असो, बालशल्यचिकित्सकाने बाळाला तपासले पाहिजे. गुदाशयाच्या बायोप्सीत गँग्लियन पेशी आहेत की नाहीत, यावरच निदान पक्के होते.