चारही इंडिकेटर लावून पळणाऱ्यांसाठी

आज पुन्हा दिसलाच एक. धो धो पाऊस, पुढे पांढरी गाडी, चारही इंडिकेटर लुकलुकतायत आणि स्वारी ७० च्या वेगात. तशीच लेनही बदलली. कुठल्या बाजूला जाणार, ते मागच्याने ओळखायचं!

अहो, ते दिवे म्हणजे 'मी थांबलोय'. ते चालू असताना बहुतेक गाड्यांत वळायचा इशारा देताच येत नाही. दिसायचंच असेल तर हेडलाइट लावा, लो बीमवर. नुसत्या डीआरएलवर, म्हणजे गाडी चालू होताच आपोआप लागणाऱ्या पुढच्या दिव्यांवर, विसंबू नका, बऱ्याच गाड्यांत त्यांच्यासोबत मागचे लाल दिवे लागतच नाहीत. आणि हाय बीम पावसाच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

बरं, मान्य. पुढे ट्रॅफिक अचानक थांबलं तर मागच्याला सावध करायला काही सेकंद लावा. पुढे सरकलात की बंद.

पण पांढऱ्या गाडीचे दिवे परवडले. ती ट्रकच्या मागे अशी चिकटली होती की मध्ये जेमतेम एक गाडी मावली असती. कोरड्या रस्त्यावर दोन सेकंदांचं अंतर लागतं, ओल्यावर किमान चार. पुढची गाडी खांबापाशी गेली की मोजायला लागा. चारच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर मागे व्हा.

टायरच्या खाचा पाणी बाहेर काढण्यासाठी असतात. १.६ मिमी ही कायद्याची मर्यादा, पण पावसाळ्यात ३ मिमीच्या खाली गेल्या की टायर बदलाच. उथळ खाचांतून पाणी निघत नाही, टायर त्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तेव्हा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग झटकू नका. सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढा. वेग आपोआप कायम ठेवणारं क्रूझ कंट्रोल तर पावसात लावूच नका. आणि 'ग्रिप येते, हवा कमी ठेव' सांगणाऱ्या काकांनो, हात जोडते! हवा कमी असली की टायर कमी वेगातच तरंगायला लागतो.

असो. घाबरलाही असेल बिचारा पांढऱ्या गाडीवाला. काच आतून धुरकटली असेल, काही दिसत नसेल. एसी लावायचा, हवा काचेकडे वळवायची, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) बंद करायचं, मिनिटाभरात काच निवळते. वायपर पूर्ण वेगात फिरूनही पुढचं दिसत नसेल, तर रस्त्यापासून आत, सुरक्षित जागी गाडी उभी करायची.

तिथे लावा की चारही. खुशाल लावा.