आलंच रे आता!

आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालायचं म्हणजे पाऊस आणि चिखल गृहीतच. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती मित्राची! मसाई पठारावर धुक्यात हातभर लांबचं दिसत नाही, वारा पाऊस आडवा मारतोय, आणि हा कायम पुढं. हाक मारली की उत्तर ठरलेलं, "आलंच रे आता!" काय आलं, डोंबल? करपेवाडी अजून कुठल्या कुठं! रेनकोट दरवर्षी विसरणार (दरवर्षी!) आणि माझं इरलं पळवणार. चिखलात रुतलेला बूट मी दोन्ही हातांनी उपसतोय, तर हा बांधावर उभा राहून ऐकवतो, "१६६० साली मावळ्यांनी हीच वाट रातोरात कापली." अरे, त्यांच्या मागे सिद्दीची फौज होती! माझ्या पाठीवर तुझी भिजलेली सॅक आहे.