पदवी की अनुभव? वाद अर्ध्यावरच अडलाय

व्यसनमुक्तीचा समुपदेशक म्हणायचं कोणाला, यावर पुण्यातल्या माझ्या मित्रमंडळींत कायम जुंपते. काही जण म्हणतात, सायकॉलॉजीत एम. ए. केल्याशिवाय कोणी पेशंटसमोर बसूच नये. ऑनलाइन कोर्स करून पाट्या लावणाऱ्यांचं पेव फुटलंय. बाकीचे म्हणतात, जो स्वतः दारूतून बाहेर आला त्यालाच ते कळतं. दाखला पुण्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा. १९८६ साली सुरू झालेल्या त्या केंद्रात व्यसनातून बरे झालेले अनेक जण कामाला आहेत.

मी कॅनडात, ओंटारिओत याच क्षेत्रात आहे. मला दोघांचंही म्हणणं अपुरं वाटतं. इथे पदवीनंतर सायकोथेरपिस्ट म्हणून पूर्ण नोंदणी हवी, तर पेशंटसोबतचे ४५० तास आणि सुपरव्हिजनचे, म्हणजे अनुभवी सीनियरसोबत बसून आपलं काम तपासून घेण्याचे, १०० तास भरावे लागतात. खरं कौशल्य तिथे घडतं. पेशंटच्या परवानगीने केलेलं रेकॉर्डिंग लावायचं, वाक्यावाक्याला थांबायचं. पेशंट म्हणतो, "सोडायचीय हो, पण सकाळी घेतली नाही तर हात थरथरतात." शिकाऊ समुपदेशक लगेच म्हणतो, "पोरांकडे बघून तरी सोडा!" रेकॉर्डिंग थांबतं. ती थरथर दारू उतरतानाची असू शकते, एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. आधी डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं. आणि "सोडायचीय" हे तो आपणहून बोलला होता, ते धरायचं सोडून उपदेश झाला. हे पुस्तक वाचून येत नाही, आणि स्वतः व्यसनातून गेल्यानेही आपोआप येत नाही.

हे फक्त श्रीमंत देशांना जमतं असंही नाही. गोव्यात 'संगत' संस्थेने मानसशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिकांना तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूसाठी समुपदेशन करवून घेतलं. त्याचा गुण आला, निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यांचीही रेकॉर्डिंग्ज सहकारी एकत्र बसून ऐकत आणि गुण देत.

घरच्यांच्या बाबतीत मात्र कॅनडानेच शिकावं. इथे पेशंटच्या संमतीशिवाय बायकोला काही सांगता येत नाही. ती बाहेर गाडीत बसून राहते. मुक्तांगणमध्ये तिच्यासाठी 'सहचरी' गट आहे.

भारतात २०२१च्या केंद्रीय कायद्याने समुपदेशकांना आरोग्य व्यावसायिकांत धरलंय. आता सुपरव्हिजनचे तास सक्तीचे करा आणि ते घेणाऱ्या सीनियरला मानधन द्या. तालुक्याच्या गावात एकट्याने पेशंट बघणाऱ्याला आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर असा माणूस मिळाला, तरी सुरुवात होईल.